कूलंटच्या दिव्याचं तोंड बंद करू नका

स्कोडाच्या जुन्या ऑक्टाव्हिया गाडीवाल्यांसाठी एक सल्ला सगळीकडे फिरतोय: कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) लाल दिवा लुकलुकतोय, पण त्याची टाकी भरलेली आहे आणि तापमानाची सुई ९०वर आहे, तर पातळीचा सेन्सर गेला समजा. टाकीचा कपलर (वायरींचा प्लग) काढून दोन्ही वायरी जोडून टाका, कटकट संपली. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१पासून जुळवलेल्या या गाड्या अजून लोक जिवापाड सांभाळतात, म्हणून हे खोडून काढायलाच हवं.

‘टाकी भरलेली, म्हणजे सेन्सर खराब.’ नाही. हा एकच दिवा पातळी घटली तरी लागतो आणि तापमान चढलं तरी लागतो. या पिढीतल्या बऱ्याच वॉटर पंपांचा, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपांचा, पंखा प्लॅस्टिकचा होता. तो तडकून दांड्यावर सैल झाला, की टाकी भरलेली असूनही कूलंट इंजिनात फिरत नाही. तेव्हा दिवा खरंच सांगत असतो.

‘सुई तर ९०वर आहे.’ डॅशबोर्डवरचं मीटर तिला मुद्दाम तिथे धरून ठेवतं. साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत ती हलतच नाही. खरं तापमान गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावूनच कळतं. त्यात कूलंट गळून गेलं असेल तर तापमानाच्या सेन्सरभोवती नुसती हवा उरते. सुई खाली आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) मात्र तापलेलं, असंही होतं.

‘वायरी जोडा.’ ही तपासणी आहे, दुरुस्ती नव्हे. टाकीत खाली दोन पिना असतात. कूलंटमधून त्यांच्यात करंट जातो तोवर मीटरला पातळी ठीक वाटते. इंजिन पूर्ण गार असताना पातळी मिन-मॅक्सच्या मध्ये आहे ना बघा, कपलर काढा, वायरिंगकडच्या दोन टोकांत छोटी वायर लावा आणि इग्निशन चालू करा. दिवा गेला तर पिनांवर थर चढलाय. साफ करून भागलं नाही तर टाकीच बदलायची, कारण पिना तिच्यातच बसवलेल्या असतात. दिवा तसाच राहिला तर कपलरमधला हिरवा गंज आणि तुटकी वायर शोधा, तापमानही तपासा. मग जोडलेली ती छोटी वायर आठवणीने काढा. ती तशीच ठेवून घाटात होज (कूलंटची रबरी नळी) फुटला, तर पातळी घटल्याचा इशारा येणारच नाही आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकेल.

‘नुसतं पाणी ओता.’ डिस्टिल्ड पाण्यातून करंट नीट जात नाही, म्हणून भरलेली टाकीही मीटरला रिकामी वाटू शकते. बोअरच्या पाण्याने क्षार साचतात. गाडीत गुलाबी जी-१२ (कूलंटचा एक प्रकार) असेल तर तेच घाला. त्यात जुनं हिरवं कूलंट मिसळलं की तपकिरी गाळ होतो आणि तो रेडिएटरसकट सगळीकडे बसतो.