‘जर्मनीत फुकट शिका’ : फीचा आकडा बाजूला ठेवा, भाड्याचा मांडा

गेल्या महिन्यात नाशिकहून ताईने फॅमिली ग्रुपवर आलेला एक मेसेज मला पुढे पाठवला. खाली फक्त एवढंच, ‘हे खरं आहे का गं?’ भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे प्रश्न कुणासाठी ते विचारावं लागलं नाही. मेसेज असा होता :

‘जर्मनीतील सर्व सरकारी विद्यापीठांत शिक्षण मोफत! सर्व सरकारी विद्यापीठे एकाच दर्जाची, कुठेही प्रवेश घ्या. फक्त १२ लाख बँकेत दाखवा, ते परत मिळतात. राहण्या-जेवणाचा खर्च पार्टटाइममधून निघतो. जर्मन भाषेची गरज नाही. लवकर नोंदणी करणाऱ्यांना कन्सल्टिंग मोफत.’

शेवटी तीन झेंडे आणि एक फोन नंबर. थोड्याफार फरकाने हाच मेसेज मला वर्षातून चार-पाचदा तरी येतो. मी मास्टर्स केम्नित्झला केलं, आता कार्ल्सरूहला नोकरी करते, त्यामुळे जर्मनीची स्वस्त आणि महाग अशी दोन्ही टोकं खिशाने पाहिली आहेत. मेसेज अगदीच थाप नाही, आणि तीच त्याची अडचण आहे. प्रत्येक वाक्य अर्ध्यावर खरं आहे, आणि आईवडील कर्ज काढतात ते उरलेल्या अर्ध्यापायी.

‘सर्व सरकारी विद्यापीठांत शिक्षण मोफत’

‘सर्व’ हा शब्द चूक आहे. २०१४ पर्यंत जर्मनीच्या सगळ्या राज्यांनी पहिल्या पदवीची फी काढून टाकली, इथवर ठीक. पण शिक्षण हा तिथे राज्यांचा विषय आहे. बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्याने २०१७ च्या विंटर सेमिस्टरपासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो फी लावली. हायडेलबर्ग, श्टुटगार्ट, फ्रायबुर्ग, ट्युबिंगन, मानहाइम, उल्म आणि आमचं कार्ल्सरूह ही सगळी याच राज्यातली. म्हणजे आपल्याकडे ज्यांची नावं पाठ असतात त्यातली निम्मी इथेच निघाली. बायर्न (बव्हेरिया) राज्याने २०२३ पासून विद्यापीठांना फी आकारायची मोकळीक दिली आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या विंटरपासून ती वापरली. तिथे मास्टर्सला विषयाप्रमाणे सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो पडतात. चार सेमिस्टरचे १६ ते २४ हजार युरो झाले, आणि युरो शंभर रुपये धरला तर १६ ते २४ लाख. विद्यापीठ शंभर टक्के सरकारीच आहे बरं का.

याशिवाय ‘सेमिस्टर बायट्राग’ म्हणजे दर सेमिस्टरची वर्गणी भरावी लागते. कुठे शंभराच्या आत, कुठे तीनशेच्या वर. पण याला फी म्हणून नावं ठेवू नका. मोठी रक्कम असते तिथे बहुतेकदा त्यात देशभर चालणारं प्रवासाचं तिकीट असतं. एरवी ६३ युरोचं हे मासिक तिकीट विद्यार्थ्याला त्याच्या साठ टक्क्यांत, म्हणजे ३७.८० ला पडतं. बायट्राग कमी दिसला की ‘व्वा, स्वस्त!’ म्हणण्याआधी तिकीट आत आहे की बाहेर ते पाहावं.

‘सर्व एकाच दर्जाची, कुठेही प्रवेश घ्या’

या वाक्यावर मला सगळ्यात जास्त भांडायचं आहे.

दर्जाबद्दल म्हणाल तर त्यात थोडं तथ्य आहे. इथे पहिलं नि शंभरावं विद्यापीठ यांत आपल्याकडच्यासारखी दरी नाही, आणि नोकरी देणारा क्रमवारी क्वचितच विचारतो. मात्र आपल्या राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीवर डोळा असेल, तर तिथे जागतिक क्रमवारीची अट असते. मग क्रमवारी बघावीच लागते. युनिव्हर्सिटी आणि होखशूल यांतला फरकही माहीत हवा. होखशूल म्हणजे उपयोजित विज्ञानाची विद्यापीठं. तिथे प्रात्यक्षिक आणि कंपनीतलं काम जास्त, पण पुढे पीएचडीचा रस्ता युनिव्हर्सिटीतून सोपा जातो.

पण ‘कुठेही’? बजेटवाल्याने हा शब्द मनात सुद्धा आणू नये. फी शून्य असली तर तुमचा खर्च शहर ठरवतं. म्युनिकमध्ये शेअर फ्लॅटमधली (इथे तिला ‘वेगे’ म्हणतात) एक खोली सातशे-आठशे युरोला जाते. केम्नित्झमध्ये मी राहायचे तशी खोली आजही तीनशेच्या आसपास मिळते. महिन्याला साडेचारशेचा फरक, दोन वर्षांत दहा हजार युरोच्या वर.

आता गंमत बघा. कार्ल्सरूहला वेगेची खोली साडेचारशे-पाचशे. फी सेमिस्टरला १,५००, म्हणजे महिन्याला २५०. दोन्ही मिळून सातशे-साडेसातशे. म्युनिकचं दुसरं मोठं विद्यापीठ, लुडविग मॅक्सिमिलियान, नेहमीच्या मास्टर्सना फी घेत नाही, तरी नुसती खोलीच तेवढी किंवा जास्त पडते. म्हणजे फी घेणारं कार्ल्सरूह हे फुकटच्या म्युनिकपेक्षा महाग नाही, कधीकधी स्वस्तच. विद्यार्थी वसतिगृह मिळालं तर म्युनिकचंही गणित बसतं. पण त्याच्या रांगेत काही सेमिस्टर जातात, आणि मुलगा ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला बॅग घेऊन स्टेशनवर उभा असतो. खोली मिळाली की डिपॉझिट द्यायचं. कायद्याने ते तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकतं, आणि बरेच जण तेवढं मागतात. हे पैसे कुणाच्याच एक्सेलमध्ये नसतात.

यापेक्षा मोठा खर्च दिसत नाही, तो म्हणजे वेळ. मास्टर्स कागदावर चार सेमिस्टरचं. थीसिसला गाइड मिळायला उशीर झाला, एक पेपर राहिला, की पाचवं सेमिस्टर आलं. व्हिसासाठी धरलेला महिन्याचा खर्च ९९२ युरो आहे. सहा महिन्यांचे झाले ५,९५२. बाडेन-व्युर्टेनबर्गमध्ये पूर्ण मास्टर्सची फी आहे ६,०००. म्हणजे ‘फुकट’ विद्यापीठात एक सेमिस्टर जास्त लागलं की तुम्ही तीच फी भरलीत, फक्त घरमालकाला. म्हणून मी भाच्याला सांगितलं, विद्यापीठ निवडताना फी शेवटी बघ. आधी कोर्सचं मोड्यूल हँडबुक (सगळ्या विषयांची माहितीपुस्तिका) उघड, कोणता पेपर कधी आणि वर्षातून किती वेळा होतो ते पाहा, आणि तिथल्या दोन सीनिअरना विचार की त्यांचं किती सेमिस्टरमध्ये संपलं.

‘१२ लाख बँकेत दाखवा, परत मिळतात’

‘दाखवा’ नाही, ‘भरा’. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी ब्लॉक अकाउंटमध्ये (दरमहा ठरलेलीच रक्कम काढू देणारं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. परत मिळतात हे खरं, दरमहा ९९२ प्रमाणे, तुमचेच, खर्चासाठी. नातेवाइकांकडून महिन्याभरासाठी उसने आणून दाखवायचे नि परत करायचे, असा त्याचा अर्थ नाही. आणि ही रक्कम एका वर्षाची आहे. राहण्याचा परवाना वाढवायला गेलात की पुढच्या खर्चाची सोय पुन्हा दाखवायची.

माझ्या शेजारच्या वेगेतल्या एका मुलाचा महिना त्याने फ्रिजवर चिकटवला होता : खोली ३१०, आरोग्य विमा (आता तो दीडशेच्या घरात आहे), किराणा २००, फोन १०, आणि रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी, जी घरटी १८.३६ युरो असते आणि तिघांत वाटली जाते. टीव्ही नाही असं कळवून आपण सुटलो असं त्याला वाटलं होतं. पत्रं येत राहिली.

‘खर्च पार्टटाइममधून निघतो’

कागदावर निघतो, खोटं कशाला बोला. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२६ मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. १४० दिवस, आठ तास, गुणाकार केलात तर साडेपंधरा हजार होतात. ब्लॉक अकाउंटपेक्षा जास्त!

पण १४० दिवस म्हणजे आठवड्याचे पाच धरले तर अठ्ठावीस आठवडे. म्हणजे निम्मं वर्ष पूर्णवेळ नोकरी आणि वर मास्टर्स. बहुतेक विद्यापीठांत एका पेपरचे तीन प्रयत्न असतात. तिसऱ्यांदा नापास झालात की नाव काढून टाकतात, आणि तोच विषय जर्मनीत दुसरीकडे घेणं जवळजवळ बंद होतं. आपल्याकडच्या एटीकेटीसारखी मजल-दरमजल इथे नाही. मी पहिल्या वर्षी एका गोदामात पहाटे चारच्या पाळीला पार्सल लावायचे. जानेवारीत सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर राहिला, आणि गोदामात कमावलेले पैसे जास्तीच्या सेमिस्टरमध्ये गेले. विषयाशी जोडलेली कामं, म्हणजे प्राध्यापकाकडचं ‘हिवी’ (विद्यार्थी सहाय्यक) किंवा कंपनीतलं ‘वेर्कश्टुडंट’ (शिकता शिकता अर्धवेळ नोकरी), बरी. पैसेही आणि सीव्हीही. पण ती पहिल्या सेमिस्टरला क्वचित मिळतात, आणि छोट्या शहरात खोली स्वस्त तशी कामंही कमी. पहिलं वर्ष पूर्ण घरच्या किंवा कर्जाच्या पैशांवर धरा, नंतर जे येईल ते वर.

‘जर्मन भाषेची गरज नाही’

प्रवेशाला नाही, मास्टर्सपुरती. इंग्रजीतले बॅचलर्स मोजके आहेत. पण नोकरीच्या मुलाखतीत, डॉक्टरकडे, घर बघायला गेल्यावर लागते. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. जाण्याआधी बी-वन (जर्मनची मधली पातळी) झालेला माणूस इथे आल्यावर दीड वर्ष पुढे असतो.

‘कन्सल्टिंग मोफत’

मोफत का, हा प्रश्न विचारा. सरकारी विद्यापीठं प्रवेशामागे एजंटाला कमिशन देत नाहीत, खाजगी देतात. माझ्या वेळी पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीने मला सात नावांची यादी दिली होती. चार खाजगी होती, वर्षाला दहा हजार युरोच्या पुढची, आणि ती यादीत सगळ्यात वर होती.

अर्जाचं काम अवघड नाही, किचकट आहे. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) लागतं, फी १८,००० रुपये. युनि-असिस्ट या अनेक विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. सहा ठिकाणी भरलात तर २२५. काही विद्यापीठं थेट अर्ज घेतात.

आणि एक आकडा कुणी सांगत नाही. जर्मन गुण एका सूत्राने काढतात : कमाल गुणांतून तुमचे वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेच्या किमान गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. दहापैकी सात सीजीपीए असेल आणि तुमच्या विद्यापीठात पास व्हायला चार लागत असतील, तर तुम्हाला येतात २.५. पास व्हायला पाच लागत असतील तर २.८. जर्मनीत हा आकडा जितका कमी तितका चांगला, आणि बऱ्याच कोर्सची प्रवेशाची रेषा २.५ ला असते. भाच्याच्या मार्कशीटमागे पासिंग ग्रेड छापलेलीच नव्हती. तो परवा परीक्षा विभागात त्याचं पत्र मागायला गेला, तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, ‘हे कशाला लागतं?’

पत्र सोमवारी मिळणार आहे. यादी आम्ही त्यानंतर करू.