रोमन नाण्यांची देवघेव हा निव्वळ श्रीमंती चाळा होता काय?

सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील युरोपीय संग्राहकांविषयी एक विधान पुन्हा पुन्हा पुढे पाठवले जाते. प्राचीन रोमन नाण्यांची त्यांची देवघेव हा राजेरजवाड्यांचा विरंगुळा होता, सोन्याचे नाणे सोन्याच्या आणि तांब्याचे तांब्याच्या भावाने हात बदलत असे, खऱ्याखोट्याची पारख कोणालाच नव्हती आणि त्यातून ज्ञानात काहीच भर पडली नाही, असे त्यात म्हटलेले असते. यातले एकही कलम पुराव्यापुढे टिकत नाही.

पहिल्या कलमाला एकच यादी पुरेशी आहे. ह्यूबर्ट गोल्ट्झियस या चित्रकार-मुद्रकाने १५५८ ते १५६० या काळात नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्स व इटली पालथे घातले आणि १५६३ मध्ये ब्रुज येथे छापलेल्या ग्रंथात, ज्यांचे संग्रह पाहिले त्यांची नावे गावांनुसार दिली. ती नऊशेहून अधिक भरतात. त्यांत राजे आणि कार्डिनल आहेत, तसे वैद्य, वकील, व्यापारी आणि धर्मपीठांतले सामान्य अधिकारीही आहेत.

धातूच्या भावाचे कलम सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या मते सर्वांत चुकीचे आहे. सम्राट ओथो याने इ. स. ६९ मध्ये जेमतेम तीन महिने राज्य केले. त्याची सोन्याची व चांदीची नाणी रोमच्या टांकसाळीत पडली, पण तांब्या-पितळेची पडलीच नाहीत. तशी नाणी केवळ अँटिऑक आणि अलेक्झांड्रिया येथे निघाली. बारा सीझरांची, म्हणजे रोमच्या पहिल्या बारा सत्ताधीशांची, मालिका तांब्या-पितळेत पूर्ण करू पाहणाऱ्या संग्राहकाच्या खणात त्यामुळे ओथोची जागा हमखास रिकामी राहत असे, आणि ही उणीव हेरूनच पादुआच्या जोव्हान्नी दा काव्हिनो या प्राचीन नाण्यांच्या नकला करणाऱ्या कारागिराने (१५००–१५७०) ओथोचे मोठे सेस्टर्शियस, म्हणजे रोमन पितळी नाणे, घडवले. मोल केवळ धातूचे असते, तर सोन्यात मिळणाऱ्या सम्राटाचे हलक्या धातूतले नाणे कोणी एवढ्या कष्टाने कशाला घडवले असते? मोल होते ते दुर्मिळतेचे, मुद्रालेखाचे (नाण्यावरच्या अक्षरांचे) आणि नाणे किती सुस्थितीत आहे याचे.

पारख नव्हती, हे म्हणणेही याच उदाहरणापाशी अडते. एनेआ व्हिको या इटालियन कोरीवकाराने १५५५ मध्ये व्हेनिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात काव्हिनोसारख्या कारागिरांची नावे घेऊन बनावटीच्या तऱ्हा सांगितल्या: साच्यात ओतलेली नाणी, जुन्या नाण्यावर नव्याने कोरलेले चेहरे, दोन वेगळ्या नाण्यांचे भाग जोडून केलेले तिसरे, आणि वर मुद्दाम चढवलेला हिरवट थर. आंतोनियो आगुस्तिन या स्पॅनिश आर्चबिशपच्या १५८७ च्या संवादग्रंथातही खोट्या नाण्यांची स्वतंत्र चर्चा आहे. लोक फसले, हे खरेच आहे. पण फसवणुकीची एवढी बारकाईने नोंद करणारा समाज अजाण कसा म्हणावा?

चौथे कलम देवघेवीची रीतच न पाहता केलेले आहे. दूरच्या संग्राहकाशी अदलाबदल करायची, तर आपल्याकडची दुबार नाणी कोणती हे आधी ठरवावे लागे. त्यासाठी दोन्ही बाजूंवरील चित्र व अक्षरे शब्दशः उतरवून घ्यावी लागत, आणि नाणे पाठवण्यापूर्वी पुष्कळदा त्याचे रेखाटन किंवा मेणातला अथवा गंधकातला ठसा पाठवला जाई. फ्रान्समधील एक्स येथील विद्वान संग्राहक पेरेस्क (१५८०–१६३७) याची हजारो पत्रे उरली आहेत आणि नाण्यांची वजने, ठसे व मुद्रालेख हे त्यांतले नेहमीचे विषय आहेत. गिलोम ब्युदे या फ्रेंच विद्वानाने तर त्याच्या शतकभर आधीच रोमन चलनाचे मूल्य ठरवताना खरी नाणी तराजूत घातली होती. ऑस्ट्रियन नाणेतज्ज्ञ योझेफ एकेल याचा १७९२ ते १७९८ या काळात आठ खंडांत निघालेला प्राचीन नाण्यांवरचा ग्रंथ या साऱ्या नोंदींच्या पायावर उभा आहे, जरी गोल्ट्झियसची चित्रे विश्वासार्ह नाहीत हे नंतरच्या अभ्यासकांना दाखवून द्यावे लागले.

या संग्राहकांवर आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो वेगळा आहे आणि गंभीर आहे. एकत्र सापडलेला साठा फोडून त्यातले प्रत्येक नाणे वेगवेगळ्या देशांत पोहोचले, की ते कोणत्या शेतात आणि कोणत्या नाण्यांसोबत निघाले हा धागा बहुधा कायमचा तुटे. चेहरा आणि अक्षरे यांच्या नोंदी त्यांनी जपल्या, पण सापडल्या जागेची नोंद मात्र क्वचितच ठेवली.