दर्यावर खापर फोडण्याआधी

जुनी जहाजं बुडण्याच्या गोष्टी वाचताना मला एका गोष्टीचा फार राग येतो. गोष्ट हमखास वादळापासून सुरू होते. आभाळ काळवंडतं, लाटा डोंगराएवढ्या होतात, डोलकाठी कडाडून मोडते आणि मग माणूस निसर्गापुढे किती क्षुद्र वगैरे वगैरे. म्हणजे आरोपी आधीच ठरलेला, दर्या! त्याची बाजू मांडायला कोणी उभं राहत नाही, त्यामुळे खटला झटपट निकालात निघतो.

माझं म्हणणं असं की शिडांच्या काळात बुडालेल्या निदान काही जहाजांचा निकाल बंदरात माल भरतानाच लागलेला होता. आता हे नुसतं बोलून उपयोग नाही, म्हणून एकच जहाज घेऊ. पोर्तुगीजांचं गॅलियन, म्हणजे मोठं शिडाचं जहाज, ‘सां जुआंव’. गोव्यात सांजांवला ज्याच्या नावानं विहिरीत उड्या मारतात, त्याच संताचं नाव.

भारतातून लिस्बनला परतणाऱ्या जहाजांचं वेळापत्रक वाऱ्यानं ठरवलेलं असायचं. डिसेंबर संपता संपता किंवा जानेवारीच्या सुरुवातीला मलबारचा किनारा सोडायचा, म्हणजे आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला, तिथला हिवाळा लागायच्या आत वळसा पडतो. उशीर झाला की पश्चिमेचे वारे नाकासमोर. हे पोर्तुगीजांना १५५२ मध्ये नवीन नव्हतं, पन्नासेक वर्षं ते हाच रस्ता तुडवत होते. आपल्याकडे नारळी पौर्णिमेआधी कोणी होडी लोटायला निघालाच तर घरचेच त्याला चार शब्द सुनावतात. इथे मात्र सुनावणाऱ्यांचाच मिरीत पैसा गुंतलेला.

सां जुआंव कोचीनहून निघालं ३ फेब्रुवारी १५५२ ला. का, तर मिरी पुरेशी मिळत नव्हती. मलबारात लढाई चालू होती, त्यामुळे आधी कोल्लमला भरणी, मग उरलेली कोचीनला, असं करत करत महिना गेला. तरी सगळी मिळून साडेतीनशे टनांहून जास्त मिरी झालीच. ती नेहमीपेक्षा कमी होती म्हणे, म्हणून राहिलेल्या जागेत दुसरा माल कोंबला. कप्तान मानुएल दे सोझा सेपुल्वेदा. सोबत बायको लिओनोर, लहान मुलं आणि शेकडो माणसं.

आता शिडं बघा. काठ्यांवर चढवलेली होती तेवढीच, आणि तीही जुनी, विरलेली. वाटेत फाटली की उतरवा, शिवा, पुन्हा चढवा. या शिवणकामात इतके दिवस गेले की केपच्या तोंडाशी पोचेपर्यंत मे उजाडला. मग पश्चिमेचा वारा सुटला आणि जहाज आल्या वाटेनं मागे फिरलं. त्या धामधुमीत सुताराच्या लक्षात आलं की सुकाणू ज्या लोखंडी बिजागरांवर टांगलेलं असतं, त्यातली तीन गायब आहेत. त्यानं ते गुपचूप तांडेलाच्या कानावर घातलं. तांडेल म्हणाला, कोणाला सांगू नकोस, लोक घाबरतील. घाबरू नयेत हे ठीक, पण बिजागरं कोचीनला असतानाच कोणी वाकून पाहिली असती तर!

पुढे सुकाणू गेलं, डोलकाठ्या गेल्या, होती नव्हती ती शिडं वाऱ्यानं फाडून नेली. नवं सुकाणू केलं ते तोकडं. आणि नवी शिडं कशाची केली असतील? लिस्बनला विकायला नेत होते त्या हिंदुस्थानी कापडाची. या एका तपशिलापाशी मी दर वेळी थांबतो. जहाजाच्या पोटात कापडाचे गठ्ठेच्या गठ्ठे होते, पण निघताना शिडांसाठी चांगलं कापड काढावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. तो विक्रीचा माल होता ना!

बरं, सेपुल्वेदा एकटाच हावरा होता असंही नाही. सगळी व्यवस्थाच तशी बांधलेली होती. खलाशांना पगार कमी, आणि त्याची भरपाई म्हणून ठरावीक मापाच्या पेट्या जकात न भरता नेण्याची सवलत. ज्याच्याकडे माल घ्यायला पैसे नसत तो आपली जागा दुसऱ्याला विकायचा. मग या वाटेवरच्या जहाजांच्या डेकवर पेट्यांवर पेट्या चढायच्या, ऐन वेळी तोफांपर्यंत आणि पाणी उपसायच्या पंपांपर्यंत पोचायला वाट उरायची नाही. हलकं जहाज हवं असणारा माणूस त्यावर एकही नव्हता. राजाला मिरी हवी, कप्तानाला नफा, पोऱ्याला त्याची पेटी. जीव सगळ्यांचाच टांगणीला, पण माल कमी करायचा तर शेजाऱ्याचा.

८ जून १५५२ ला आजच्या दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जहाज फुटलं. पोर्ट एडवर्ड गावाजवळ चिनी पोर्सेलिनचे तुकडे, कवड्या आणि अकीकाचे मणी मिळालेत, ते याच जहाजाचे मानतात. शंभरावर माणसं तिथेच गेली. साधारण पाचशे किनाऱ्याला लागली. त्यात पोर्तुगीज १८० च्या आसपास, बाकी सगळे गुलाम.

मग सुरू झाली उत्तरेकडची पायपीट. सुरुवातीला लिओनोरला डोलीत बसवून गुलामांनी खांद्यावर वाहिलं. पाण्यासाठी तांड्यापासून लांब जायला लोक धजेनात, तेव्हा एका पेल्याला दहा क्रूझादो असा भाव फुटला. सोन्याची नाणी, बरं का. जहाज गेलं, तरी बाजार माणसांबरोबर चालतच होता. देलागोआच्या (आजच्या मापुतोच्या) उपसागराशी एका स्थानिक राजानं सांगितलं, इथेच थांबा, पुढे धोका आहे. ऐकलं नाही. पुढच्या मुक्कामी तिथल्या राजानं अन्न आणि आसऱ्याच्या बदल्यात हत्यारं मागितली, ती सेपुल्वेदानं दिली. तेव्हा लिओनोर नवऱ्याला म्हणाली की हत्यारं देताय, म्हणजे आता आपण सगळे संपलो असंच मी धरते. तिचं खरं ठरलं. सगळे लुबाडले गेले, अंगावरचे कपडेसुद्धा. तिनं स्वतःला कमरेपर्यंत वाळूत पुरून घेतलं आणि तिथेच ती गेली. मुलंही गेली. सेपुल्वेदा रानात शिरला तो परत दिसला नाही.

पोर्तुगीज कवींना वाळूतली, केसांनी लाज झाकणारी लिओनोर भावली. मला हत्यारांच्या वेळी नवऱ्याला खडसावणारी लिओनोर जास्त पटते. अख्ख्या तांड्यात धडपणे विचार करणारी तीच असावी.

मोझांबिकला जिवंत पोचले आठ पोर्तुगीज, चौदा गुलाम पुरुष आणि तीन गुलाम स्त्रिया. या तिघी लिओनोर गेली तेव्हा तिच्याजवळ होत्या. म्हणजे युरोप ज्यावर रडला तो वाळूतला प्रसंग बहुधा यांच्याच तोंडून बाहेर आला असणार. कप्तानाचं नाव आहे, त्याच्या सासऱ्याचं आहे, तांडेलाचंसुद्धा आहे. या तिघींची नावं लिहायची तसदी कोणी घेतली नाही.

यातून कोणी शहाणं झालं का? १५७० मध्ये राजा सेबास्तियांवनं हुकूम काढला की या वाटेवरची जहाजं ४५० टनांहून मोठी नकोत. कागदावर छान. पुढे हजार टनांच्या पुढची जहाजं सर्रास बांधली गेली. कोचीनहून निघालेलं ‘नोस्सा सिन्योरा दुश मार्तिरेश’ तर अख्खा प्रवास निभावून १६०६ च्या सप्टेंबरात लिस्बनच्या दारात, सां जुलियांव किल्ल्यापाशी फुटलं. पाण्यावर मिरीचा काळा थर पसरला आणि माणसं ती गोळा करायला धावली. नव्वदच्या दशकात पाणबुडे तिथे उतरले तेव्हाही तळाशी मिरीचा थर होताच.

(मुंबईहून रेवसला जाणारी ‘रामदास’ बोट शिडाची नव्हे, पण १७ जुलै १९४७ चा विषय निघाला की आपणही लाटेचंच बोलतो. ऐन पावसाळ्यात बोट निघाली, वर वायरलेस नव्हता, सहाशेहून जास्त माणसं गेली. याबद्दल कोण किती बोलतं?)

जाता जाता, जुन्या गोव्याला जाणाऱ्यांसाठी. बासिलिका पाहून मागे फिरू नका. पलीकडच्या टेकडीवर रोझरीचं चर्च आहे. आत कातारिना आ पिरो हिची, गुजराती धाटणीच्या कोरीवकामाची देखणी कबर आहे. गव्हर्नर गार्सिया दे सा याची ती बायको, आणि लिओनोरची आई. बसेस तिकडे जात नाहीत, त्यामुळे निवांत पाहता येते. चर्चच्या अंगणातून मांडवी दिसते, तेवढा चढ चढाच.