‘पैसे टाका, ग्राहक मिळवा’ : या दाव्यात काय खोटं आहे

नवा व्यवसाय सुरू केलेल्या बहुतेकांच्या फोनवर हा मजकूर कधी ना कधी येतोच. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. ग्राहक मिळत नसतील तर त्याचं एकमेव कारण म्हणजे तुम्ही ऑनलाइन जाहिरात करत नाही. गूगलवर जास्त बोली (एका क्लिकसाठी द्यायची रक्कम) लावा, सगळ्यांच्या वर दिसाल. सोशल मीडियावरची पोस्ट बूस्ट करा, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवा, ग्राहक येतील. पैशापैशाचा हिशेब डॅशबोर्डवर, म्हणजे जाहिरातखात्यातल्या आकड्यांच्या पानावर, दिसतो आणि चौपट परतावा सहज मिळतो. बाकीचं यंत्रणा आपोआप शिकते, आणि एवढंही जमत नसेल तर तज्ज्ञावर सोपवा.

मला या मजकुराचा राग येतो. तो वाचून पैसे घालणाऱ्यांत साठवलेल्या किंवा उसन्या पैशावर धंदा उभा करणारे पुष्कळ असतात. मोठ्या कंपनीची एखादी मोहीम फसली तर ती पुढच्या तिमाहीत भरून काढते. यांना तशी दुसरी संधी अनेकदा मिळत नाही. जाहिरातच करू नका असं मी म्हणणार नाही. माणूस एखादी गोष्ट शोधत असताना नेमकं त्याच क्षणी त्याच्यासमोर येता येणं ही लहान व्यावसायिकासाठी खरोखर मोठी सोय आहे. पण या मजकुरातला प्रत्येक दावा अर्धाच सांगितलेला आहे, म्हणून एकेक घेऊन पाहू.

‘जास्त बोली लावा, वर दिसाल’

१९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या शोधयंत्राने शोधनिकालांतल्या जागा लिलावाने विकायला सुरुवात केली, तेव्हा हे बऱ्याच अंशी खरं होतं. २००२ मध्ये गूगलने बोलीच्या जोडीला जाहिरातीवर किती लोक क्लिक करतात हेही धरायला सुरुवात केली आणि तिथेच हा नियम मोडला. आज प्रत्येक शोधाच्या वेळी नवा लिलाव होतो. त्यात बोलीसोबत जाहिरात शोधाशी किती जुळते, तिच्यावर क्लिक होण्याची शक्यता किती आणि क्लिकनंतर उघडणारं पान कसं आहे, हे सगळं मोजलं जातं. म्हणून कमी बोली लावणारा अनेकदा वर दिसतो, आणि प्रत्येक क्लिकला पैसेही कमी देतो.

पान सुस्त असेल, फोनवर नीट उघडत नसेल किंवा जाहिरातीत एक आणि पानावर दुसरंच असेल, तर बोली वाढवणं म्हणजे आपल्याच चुकीचा दंड भरणं. आधी पान दुरुस्त करा.

याच दाव्याला जोडून सांगितलं जातं की जाहिरात दिली की नेहमीच्या, बिनपैशाच्या निकालांतही आपलं नाव वर सरकतं. तसं होत नाही, आणि हे गूगलनेच स्पष्ट केलेलं आहे.

‘पोस्ट बूस्ट करा, ग्राहक येतील’

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामला तुम्ही जे उद्दिष्ट सांगता, तेच करण्याची शक्यता असलेली माणसं ती यंत्रणा शोधते. प्रतिसाद मागितलात तर सवयीने लाइक करणारे सापडतात. व्हिडिओ पाहणारे मागितलेत तर पाहून पुढे जाणारे सापडतात. खरेदी करणारे मागितले नाहीत, तर ते शोधायचं काम यंत्रणेला कुणी दिलेलंच नसतं. बूस्टचं बटण सोपं आहे ते याचसाठी की ते हा प्रश्न फारसा विचारत नाही. जाहिरात व्यवस्थापनाच्या मूळ खात्यात जाऊन उद्दिष्ट स्वतः निवडायला थोडा वेळ लागतो, पण तो द्यावा.

‘सगळं मोजता येतं, चौपट परतावा दिसतो’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

डॅशबोर्डवरचा आकडा एवढंच सांगतो की अमुक इतक्या खरेदीदारांनी त्याआधी आपली जाहिरात पाहिली होती किंवा तिच्यावर क्लिक केलं होतं. जाहिरात नसती तर त्यांनी खरेदी केली असती का, हे तो सांगत नाही. धंद्याला मात्र नेमकं तेच उत्तर हवं असतं.

ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीने हे स्वतःवर तपासून पाहिलं. कंपनीचंच नाव टाकून शोधणाऱ्यांना दाखवली जाणारी जाहिरात काही शोधयंत्रांवर बंद केली. जाहिरातीतून येणारे ९९.५ टक्के क्लिक तरीही आले, फक्त ते बिनपैशाच्या निकालांतून आले. मग अमेरिकेच्या निवडक भागांत बाकीच्या शब्दांवरच्या शोध-जाहिरातीही थांबवल्या. नेहमीच्या ग्राहकांच्या खरेदीवर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर मात्र जाहिरातीचा परिणाम होत होता. टॉम ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये इकॉनोमेट्रिका या नियतकालिकात आला.

ईबे सर्वांच्या ओळखीची होती, हे इथे लक्षात ठेवायला हवं. ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही, त्याचा निकाल असाच येईल असं नाही, उलट त्याच्यासाठी जाहिरात जास्त उपयोगी पडू शकते. पण जो ग्राहक तसाही येणार होता त्याच्यासाठी पैसे मोजायचे आणि डॅशबोर्डने ते यश म्हणून दाखवायचं, हा प्रकार लहान खात्यांतही होतो. तुमच्या दुकानाचं नाव टाकून शोधणारे आणि आधीच टोपलीत वस्तू टाकून गेलेले, हे दोन गट रोज तुमच्या परताव्याचा आकडा फुगवत असतात.

फेसबुकवरही हेच दिसलं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले संशोधक आणि फेसबुकचे कर्मचारी यांनी मिळून १५ प्रयोग तपासले. काही लोकांना मुद्दाम जाहिरात दाखवलीच नाही आणि दोन्ही गटांची तुलना केली. असा प्रयोग न करता, नुसत्या उपलब्ध माहितीवरून काढलेला परिणाम पुष्कळदा खऱ्यापेक्षा फार मोठा निघाला. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याआधी, २०१७ च्या एका तिमाहीत प्रॉक्टर अँड गँबल या साबण-शाम्पूसारख्या वस्तू बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने डिजिटल जाहिरातींवरचा १० कोटी डॉलरहून जास्त खर्च कापला होता, आणि विक्रीवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही असं कंपनीने सांगितलं.

आकड्यांत आणखी एक गडबड असते. एकाच माणसाने गूगलवरच्या जाहिरातीवर क्लिक केलं आणि इन्स्टाग्रामवरचीही जाहिरात पाहिली, तर ती एक विक्री दोन्ही डॅशबोर्डवर आपापल्या नावे जमा होऊ शकते. दोन्हींची बेरीज करून पाहा. ती कधी कधी गल्ल्यातल्या एकूण विक्रीच्याही पुढे जाते. मेटाच्या (फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी) नेहमीच्या सेटिंगमध्ये क्लिकनंतर ७ दिवसांत आणि नुसती जाहिरात पाहिल्यानंतर १ दिवसात झालेली खरेदी जाहिरातीच्या खात्यात धरली जाते. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर ॲपना मागोवा घेण्याआधी परवानगी मागायला लावलं, तेव्हापासून यातला काही भाग अंदाजाने भरलेला असतो. ‘पैशापैशाचा हिशेब’ त्यात बसत नाही.

मग करायचं काय? स्वतःच्या नावावरची जाहिरात काही आठवडे बंद ठेवा आणि एकूण विक्री पाहा. त्या काळात कुणी स्पर्धक तुमच्या नावावर बोली लावत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, तेही तपासा. दोन सारखे भाग निवडून एकात जाहिरात चालू आणि दुसऱ्यात बंद ठेवता आली तर उत्तमच. हे करण्याएवढी विक्री होत नसेल, तर प्रत्येक नव्या ग्राहकाला ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ एवढं विचारा आणि लिहून ठेवा. उत्तरं शंभर टक्के अचूक नसतील, पण डॅशबोर्डला प्रश्न विचारायला ती पुरेशी असतात. आणि परतावा मोजताना विक्रीची रक्कम धरू नका, नफा धरा. चौपट विक्री होऊनही वस्तूचा खर्च, पोहोचवण्याचा खर्च आणि परत आलेला माल वजा जाता हातात काहीच न उरणं अगदी शक्य आहे.

‘यंत्रणा आपोआप शिकते’

शिकते, पण तिला शिकायला पुरेशी उदाहरणं लागतात. मेटाच्या सांगण्यानुसार एका जाहिरात-संचाला (एकाच बजेटवर, एकाच प्रेक्षकगटासाठी चालणाऱ्या जाहिराती) आठवड्याभरात खरेदीसारख्या साधारण ५० अपेक्षित कृती मिळाल्या की तो स्थिरावतो. बजेट लहान आणि संच पाच-सहा असतील तर एकालाही तेवढ्या मिळत नाहीत. त्यापेक्षा एकच संच चालवावा आणि दर दोन दिवसांनी त्यात बदल करू नयेत. शिवाय यंत्रणा तुम्ही द्याल तेच शिकते. फॉर्म भरणं हेच यश म्हणून सांगितलंत, तर ती फॉर्म भरणारे आणून देईल, फोन केल्यावर न उचलणारेसुद्धा.

गूगलवर तर आधीपासून निवडलेले पर्यायच पैसे गळण्याची पहिली जागा असतात. शब्दांची जुळणी सैल ठेवलेली असते, त्यामुळे ‘नोकरी’, ‘मोफत’, ‘कसं करावं’ असे शोध घेणाऱ्यांनाही तुमची जाहिरात दिसते. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये तिथे असलेल्यांसोबत त्या जागेत नुसता रस असलेलेही धरलेले असतात. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं याचा अहवाल खात्यात मिळतो. तो दर आठवड्याला वाचा आणि नको ते शब्द वगळत जा. माझ्या मते नवख्याने करण्यासारखं याहून फायद्याचं काम दुसरं नाही.

‘जमत नसेल तर तज्ज्ञावर सोपवा’

चांगले तज्ज्ञ आहेत, आणि त्यांची फी वसूल होते. पण फी जाहिरातखर्चाच्या टक्केवारीत असेल तर खर्च वाढवण्यात त्यांचा फायदा असतो, हे करार करतानाच लक्षात घ्या. ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणाऱ्याकडे जाऊच नका. अशी हमी कुणीही देऊ शकत नाही, असं गूगलच्याच मार्गदर्शनात लिहिलेलं आहे. दरमहा येणाऱ्या अहवालात रीच (किती लोकांनी पाहिली) आणि इम्प्रेशन (किती वेळा दिसली) एवढेच असतील तर नवे ग्राहक किती आणि प्रत्येकी खर्च किती, हे दोन आकडे मागा. आणि जाहिरातखातं, पेज, वेबसाइट या सगळ्यांची मालकी तुमच्याच नावे ठेवा, एजन्सीला फक्त काम करण्याची परवानगी द्या. नाहीतर एजन्सी बदलताना जुन्या मोहिमांची सगळी माहिती तिच्याकडेच राहते आणि नव्याला पुन्हा पहिल्यापासून तुमच्याच पैशाने शिकावं लागतं.