थीटा कानातून भरता येत नाही

परीक्षा जवळ आल्या की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो, सोबत ऑडिओची लिंक. सांगणं थोडक्यात असं: मन शांत झालं की मेंदूत 4 ते 8 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला चार ते आठ वेळा थरथरणाऱ्या ‘थीटा लहरी’ उठतात आणि स्मरणशक्तीचं केंद्र उघडतं, दोन कानांत किंचित वेगळे सूर सोडले की मेंदू आपोआप थीटात जातो, म्हणून अभ्यास झाल्यावर मुलांना हेडफोन लावून पडू द्या, वाचलेलं पक्कं होईल, आणि दुष्परिणाम काहीच नाहीत. यातला थीटा खरा आहे. स्मृतीशी त्याचं नातंही खरं आहे. बाकीचं एकेक करून पाहू.

आधी ‘शांत झालं की थीटा’. डोळा लागत असताना डोक्यावरच्या ईईजीत (मेंदूतल्या विजेच्या नोंदीत) थीटा दिसतो, हे बरोबर. घोटाळा बहुधा तिथेच झालाय. स्मृतीच्या संशोधनात ज्या थीटाची चर्चा होते तो मेंदूच्या आत खोलवर, हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात मोजलेला. 1969 मध्ये कॅनडातल्या केस व्हँडरवुल्फ यांनी दाखवलं की उंदीर चालायला, हुंगायला, जागा धुंडाळायला लागला की हा ठेका सुरू होतो, आणि तो खात किंवा अंग चाटत बसला की थांबतो. (स्वप्नांच्या झोपेत तो पुन्हा येतो, ही आणखी एक गंमत.) स्वस्थ बसल्यावरही हिप्पोकॅम्पस रिकामा नसतो, पण तेव्हा तिथे उठतात त्या सेकंदाला दीडशेहून अधिक वेळा थरथरणाऱ्या, क्षणभर टिकणाऱ्या लहरी. शिकलेलं पक्कं होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे विश्रांतीचा उपयोग आहेच, फक्त तो थीटाच्या खात्यावर मांडता येत नाही.

‘केंद्र उघडतं’ हे त्याहून चुकीचं, कारण उघडबंद होणारं असं एक केंद्रच नाही. आजूबाजूला काय चाललंय याची बातमी हिप्पोकॅम्पसला शेजारच्या एन्टोरायनल कॉर्टेक्स या भागाकडून मिळते, तर जुन्या साठवणीतलं त्याच्याच सीए3 या भागाकडून. दोन्ही प्रवाह हिप्पोकॅम्पसच्याच सीए1 या भागात पोचतात. 2009 मध्ये लॉरा कोल्जिन आणि मोझर दांपत्याच्या गटाने नॉर्वेत उंदरांवर जे पाहिलं ते इथे कळीचं आहे. सीए1 चा मेळ एन्टोरायनलशी बसतो तेव्हा 65 हर्ट्झच्या वरचा वेगवान गॅमा (थीटाहून बऱ्याच जलद लहरी) दिसतो, सीए3 शी बसतो तेव्हा 25 ते 50 हर्ट्झचा संथ गॅमा, आणि हे दोन्ही थीटाच्या लयीत वेगवेगळ्या जागी, आणि बहुतेक वेळा वेगवेगळ्या आवर्तनांत येतात. समोरचं आणि आठवणीतलं एकमेकांत कालवलं जाऊ नये, यासाठीची ही व्यवस्था असावी, असं मानलं जातं. नव्या जागेत उंदराच्या थीटाची गती तर थोडी उतरते आणि जागा ओळखीची झाली की पूर्ववत होते. ‘थीटा वाढवा’ म्हणणाऱ्यांनी हे कुठे बसवायचं?

माणसांतही गोष्ट मात्रेपेक्षा वेळेची दिसते. अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांना चित्रं दाखवली, तेव्हा ज्या चित्रांच्या वेळी पेशींचे ठोके थीटाच्या लयीत नेमके पडले होते ती चित्रं नंतर अधिक खात्रीने ओळखली गेली. उएली रुटिसहाउझर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2010 चा.

आता हेडफोन. एका कानात 200 आणि दुसऱ्यात 206 हर्ट्झचा सूर सोडला की सहाची धडधड ऐकू येते, यात खोटं काही नाही; हाइनरिख डोव्ह यांनी हा परिणाम एकोणिसाव्या शतकातच नोंदवला होता. पण ती धडधड जन्मते मेंदूच्या देठात, ऐकण्याच्या वाटेवर. तिथून ती हिप्पोकॅम्पसपर्यंत जाऊन त्याची लय बदलते, हा मधला सगळा प्रवास मजकुराने गृहीत धरलाय. हिप्पोकॅम्पसचा ठेका धरतो मेडियल सेप्टम हा भाग. 1978 मध्ये जोनाथन विन्सन यांनी उंदरांच्या सेप्टमला इजा करून थीटा बंद पाडला, तेव्हा ते शिकलेल्या जागा विसरले. ढोलपथक आपल्या ताशावर चालतं. शेजारून जाणाऱ्या गाडीचा हॉर्न योगायोगाने त्याच लयीत वाजला म्हणून हात बदलत नाहीत. आणि डोक्यावरच्या ईईजीपुरतं बोलायचं तरी चित्र काही चांगलं नाही: 2023 च्या एका आढाव्यात 14 अभ्यास तपासले गेले, त्यांपैकी मेंदू या धडधडीमागे जातो असं पाच अभ्यासांत दिसलं, आठांत उलट निघालं, एक अधांतरी राहिला.

‘दुष्परिणाम नाहीत’ हा मुद्दा सोडून देतो. कशाचाच परिणाम ठरलेला नसताना दुष्परिणामांवर काय बोलायचं!

राहिलं ‘अभ्यासानंतर पडू द्या’. 2016 मध्ये टोमोनोरी टाकेउची आणि रिचर्ड मॉरिस यांच्या गटाने छोट्या उंदरांना खाऊ कुठे लपवलाय ते शिकवलं आणि अर्ध्या तासाने काहींना एका अनोळखी जागेत मोकळं सोडलं. नवं धुंडाळून आलेल्यांना दुसऱ्या दिवशी खाऊची जागा अधिक चांगली आठवली. लोकस सेरुलियस या भागातून हिप्पोकॅम्पसमध्ये येणारं डोपामिन हे मेंदूतलं रसायन त्यामागे होतं. हे उंदरांचं, परीक्षेला बसणाऱ्या मुलांचं नव्हे, हे मान्य. पण या प्रयोगाचा दाखला द्यायचाच तर धडा संपल्यावर मुलाला एखाद्या न पाहिलेल्या गल्लीत हिंडायला पाठवावं लागेल. हेडफोन लावून पलंगावर पडणं म्हणजे त्या उंदराच्या नेमकं उलट वागणं.