खुलासा: अलाबामात आंतरवर्णीय विवाह २००० साली कायदेशीर झाले नाहीत

‘अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात २००० पर्यंत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी होती आणि २०२२ पर्यंत शाळा वेगळ्या होत्या,’ हा फिरणारा मजकूर चुकीचा आहे. त्या दोन वर्षी बदलला तो अलाबामा राज्याच्या स्वतःच्या घटनेतला मजकूर. शाळांतल्या विभाजनाची कलमे सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालाने आणि विवाहबंदी १९६७ च्या निकालाने आधीच निष्प्रभ झाली होती.

मग कागदावरून पुसायला इतकी वर्षे का? १९०१ च्या या घटनेतली प्रत्येक दुरुस्ती मतदारांनी मंजूर करावी लागत असे. २००० मध्ये विवाहबंदी गेली, तरी सुमारे ४० टक्के मते विरोधात पडली, आणि हे खरोखर क्लेशदायक आहे. २००४ चा शाळांविषयीचा प्रस्ताव दोन हजारांहून कमी मतांनी पडला. त्यात १९५६ ची ‘शिक्षण हा हक्क नाही’ अशा आशयाची ओळही काढायची होती. ती गेली तर न्यायालये शाळांसाठी करवाढ लादतील, असा प्रचार झाला. २०१२ च्या प्रस्तावात शिक्षणाचा हक्क नाकारणारी तीच ओळ ठेवली, तेव्हा कृष्णवर्णीय आमदारच विरोधात गेले. म्हणून ‘नाही’चे प्रत्येक मत वर्णद्वेषी समजू नये. अखेर २०२० मध्ये मतदारांनी वर्णद्वेषी मजकूर वगळून घटनेच्या फेरमांडणीची परवानगी दिली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुधारित घटना मंजूर केली.