मागे चालणाऱ्याची अक्कल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. प्रत्येक शिबिरात मुलांना नेतृत्वगुण शिकवतात, पण दुसऱ्याच्या हाताखाली नीट काम कसे करावे हे कुणीच शिकवत नाही, अशी तक्रार मी मूळ लेखात केली होती. आपण तिला ‘मेंढरांची तरफदारी’ म्हटले आहे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीविरुद्ध दिलेल्या इशाऱ्याची आठवण आपण करून दिली आहे, माणूस हुकूम कुठवर पाळतो हे तपासणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमच्या प्रयोगाचा दाखला दिला आहे आणि शेवटी ‘अनुयायांना इतिहास नसतो’ असे लिहिले आहे. शेवटचे वाक्य मला बोचले, ते का हे पुढे सांगतो.

बाबासाहेबांचा इशारा मला शंभर टक्के मान्य आहे. मोठ्यातल्या मोठ्या माणसाच्या पायाशीही आपले स्वातंत्र्य ठेवू नये, असे त्यांनी बजावले होते. कुणाच्या मागून जाऊच नये, असे त्यांनी म्हटल्याचे मला दिसत नाही. नागपुरातल्या प्रतापनगरहून दीक्षाभूमी फार लांब नाही, म्हणून तेथलेच उदाहरण घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आधी स्वतः महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण आणि पंचशील घेतले, आणि नंतरच समोरच्या लाखोंना धम्मदीक्षा दिली. म्हणजे ज्यांच्या मागे एवढा समाज उभा होता, तेही त्या सकाळी आधी कुणाच्या तरी मागून ते शब्द उच्चारत होते. समोरच्या लोकांनी बावीस प्रतिज्ञा त्यांच्या मागून म्हटल्या खऱ्या, पण त्या प्रतिज्ञांतला ‘मी’ म्हणणाऱ्याचा स्वतःचा होता. शिवाय धर्मांतराची येवल्याची घोषणा १९३५ ची; मधली २१ वर्षे ज्यांनी वाट पाहिली, वाद घातले आणि मग निर्णय घेतला, त्यांना मेंढरे म्हणण्याचे धाडस आपणही करणार नाही.

मिलग्रॅमच्या बाबतीत आपण अर्धीच गोष्ट सांगितलीत. येल विद्यापीठातल्या त्या प्रयोगात चाळीसपैकी २६ जणांनी, दुसऱ्या माणसाला विजेचा झटका बसतो आहे असे समजत असूनही, केवळ सांगितले म्हणून ४५० व्होल्टपर्यंतची कळ दाबली, हे खरे आहे. पण त्याच मालिकेतल्या दुसऱ्या एका प्रयोगात शेजारी बसवलेल्या दोन साथीदारांनी मध्येच पुढे जायला नकार दिला, तेव्हा चाळीसपैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. बाकीच्यांना एकाएकी शौर्य सुचले असे मला वाटत नाही. नकार देणारे कुणीतरी शेजारी दिसले आणि ते त्यांच्या मागे गेले. अवज्ञासुद्धा माणूस बहुधा कुणाचे तरी पाहूनच करतो. अनुकरणाची सवय मोडून काढली, तर हा नकारही पसरायचा नाही.

आता माझ्या लेखामागचा खरा प्रसंग सांगतो, कारण लेखात तो मी संकोचाने गाळला होता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा आमच्या लेआउटमध्येही तळमजल्यांत कमरेइतके पाणी होते. आदल्याच दिवशी महालक्ष्म्यांचे जेवण झालेले, त्यामुळे घरोघरी मोठी पातेली बाहेरच होती आणि त्यांनीच आम्ही पाणी उपसू लागलो. उपसू लागलो म्हणजे दोघे उपसत होते आणि आम्ही सात जण, सगळे निवृत्त, सगळे कधी ना कधी कुठले तरी साहेब, एकमेकांना सूचना देत होतो. गाळ आधी काढावा की सामान आधी हलवावे, यावर अर्धा तास गेला. तेवढ्यात समोरच्या घरात भाड्याने राहणारी, वयाने माझ्या नातीएवढी एक मुलगी पायऱ्यांवर उभी राहिली आणि तिने आम्हाला एका रांगेत लावले. मी काही तरी सुचवायला तोंड उघडले, तर म्हणाली, “काका, बोलू नका न, घमेलं समोर सरकवा.” मी सरकवले. दुपारपर्यंत तीन घरांतला गाळ रस्त्यावर आला होता. तिची योजना माझ्या योजनेपेक्षा चांगली होती की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. पण तिची एकच होती आणि आमच्या सात होत्या.

अनुयायांना इतिहास नसतो, हे वाक्य नागपुरात बसून लिहावे याचे मला वाईट वाटले. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात सिव्हिल लाइन्सकडे झेंडा घेऊन जायला बंदी होती. जमनालाल बजाज पकडले गेले, पुढे वल्लभभाई पटेल सूत्रे सांभाळायला आले. ही दोन नावे आपल्याला पाठ आहेत. पण नेता तुरुंगात गेल्यावरही गावोगावच्या स्वयंसेवकांच्या तुकड्या झेंडा घेऊन निघत राहिल्या आणि हजाराहून अधिक माणसे गजाआड गेली, म्हणून तो सत्याग्रह टिकला. त्यांची नावे आपण विसरलो, हा दोष त्यांच्याकडे कसा जातो?

एका मुद्द्यावर मात्र मी हरलो, आणि तो आपण अगदी ओझरता मांडला आहे. ‘काम सुरू असताना शंका काढू नये, ती नंतर विचारावी,’ असे मी लिहिले होते. त्याच दिवशी रांगेतल्या एका पोराने तिसऱ्या घराच्या दारात पातेले खाली ठेवले आणि मीटरची पेटी पाण्यात आहे, मेन स्विच बंद केल्याशिवाय मी आत उतरणार नाही, असे सरळ सांगितले. मुलगी क्षणभरही रागावली नाही. तिने सगळी रांग थांबवली, दोघांना स्विच शोधायला पाठवले आणि मगच काम पुढे नेले. हे मी डोळ्यांनी पाहिले होते, तरीही लिहिताना उलटेच लिहून बसलो. बहुधा नोकरीतली जुनी सवय असावी. ते वाक्य मी आज मूळ लेखातून काढले आहे.